गावातलं सगळ्यात उंच जोतं

उसाच्या ट्रॉलीवरून पडल्यावर मी डोळे उघडले, तेव्हा शेजारी कुणाचा तरी पाय दिसला. गुडघ्यात विचित्र दुमडलेला, चप्पल कुठे तरी उडालेली. मला वाटलं, माझ्याबरोबर आणखी कुणी तरी खाली आलं. मी त्याला हाक मारणार एवढ्यात त्या पायातला काळा दोरा दिसला. तो आईने माझ्या पायात बांधला होता.

आपलाच पाय आपल्याला ओळखू येऊ नये, हे मला आजही कुणाला नीट समजावून सांगता येत नाही. दुखत काहीच नव्हतं, आणि दुखत नाही म्हणूनच मी ओरडायला लागलो.

पारगावला साखर कारखाना सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. आमचा ऊस पहिल्यांदाच तिकडे चालला होता, त्यामुळे घरात लग्नघाईसारखी धांदल. ट्रॉली भरली की वर चढून दोर आवळावा लागतो. मोळ्यांवर पाय रोवून मी जोर लावला, दोर तुटला आणि मी पाठीवर बांधावर आदळलो. दोर जुना झालाय हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कुणाला दोष द्यावा असं त्यात काही नाही. मी सत्तावीस वर्षांचा होतो, लग्न व्हायचं होतं आणि त्या दिवसापर्यंत अंथरुणाला खिळणं म्हणजे म्हाताऱ्यांचं काम अशी माझी समजूत होती.

चौघांनी मला हातापायांना धरून, पोतं उचलावं तसं जीपमध्ये टाकलं. मणका मोडलेल्या माणसाला असं उचलू नये हे मला नंतर कळलं. त्यांना कुठून माहीत असणार? ते सगळे रडत होते. मात्र त्या दिवसापासून मी उचलून न्यायची वस्तू झालो, आणि हे बराच काळ कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुण्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर जे काही सांगायचे ते वडिलांना व्हरांड्यात नेऊन सांगायचे. वडिलांना आम्ही सगळे आण्णा म्हणायचो. आण्णा आत यायचे आणि म्हणायचे, "टाईम लागंल, पन व्हईल." मी तेच धरून बसलो होतो. मग एक दिवस शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला भेटायला आलेली बाई मोसंबं सोलता सोलता सहज म्हणाली, "अरेरे, एवढं तरुण पोरगं, आणि कमरेखाली आता कायमचं गेलं ना!" तिला वाटलं, मला माहीत आहे. मी तिच्याकडे बघतच राहिलो. तिने मला मोसंब्याची फोड दिली आणि मी ती घेतली, खाल्लीसुद्धा. आयुष्यातली एवढी मोठी बातमी मला एका अनोळखी बाईने मोसंब्याबरोबर द्यावी, याचा मला इतका राग आला की आण्णांशी मी दोन दिवस बोललो नाही. त्यांना कारणही सांगितलं नाही.

घरी आलो तो आमच्या जुन्या मातीच्या घरात. दारापाशी खाट टाकलेली. भेटायला अख्खा तालुका लोटला. प्रत्येकाच्या हातात केळी. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जाताना केळी नेतात, त्यामुळे आमच्या घरात इतकी केळी झाली की गाईसुद्धा तोंड फिरवायला लागल्या. लोक खाटेशी बसायचे, माझ्या अंगावरून पलीकडे आईकडे बघायचे आणि तिला विचारायचे, "जेवतो का?" एका लांबच्या मावशीने तर विचारलं, "त्याला कळतं का गं, आपन काय बोलतोय ते?"

मी म्हणालो, "कळतं मावशी. तुमच्या पिशवीतली केळी जास्त पिकलीत, हे पन कळतं."

ती घाबरून उठलीच. आई मला रागावली. पण मी आतून पार हादरलो होतो. माझे पाय गेले होते. डोकं गेलंय असं लोकांना का वाटत होतं? काही दिवसांनी मलाच शंका यायला लागली. कुणी विचारलं की मी आईच्या तोंडाकडे बघायचो, म्हणजे उत्तर ती देईल. आंघोळ घालायला दोघं, कूस बदलायला दोघं, अंगणात ऊन खायला न्यायला चौघं. "आमी हाय ना," हे आमच्या घरातलं वाक्य. तहान लागली तरी कुणाला तरी हाक मारायची. कुणी नाही म्हणायचं नाही. एकदा तरी कुणी नाही म्हणावं म्हणून मी मुद्दाम पुन्हा पुन्हा पाणी मागायचो. प्रत्येक वेळी पाणी यायचं.

मग दवाखान्यातल्या कुणी तरी सांगितल्यावरून आण्णांनी मला पुण्यातल्या एका पुनर्वसन केंद्रात नेऊन ठेवलं. तिथे शिकवणारे गृहस्थ स्वतःच चाकाच्या खुर्चीत होते. हे बघूनच मी दचकलो. मला वाटलं होतं, इथे चालायला शिकवतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मदतनिसाकडून मला खुर्चीतून गादीवर उतरवलं, त्याला बाहेर पाठवलं आणि ते बाजूला झाले.

"आता वर या," म्हणाले.

"कसा येऊ?"

"ते तुम्ही शोधायचं. मी चहा पिऊन येतो."

ते खरंच चहा प्यायला गेले. मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना. तळपायात काही उरलं नव्हतं तरी गेली. पण त्या गादीवर पडल्या पडल्या एक गोष्ट लक्षात आली आणि मी बोलायचाच थांबलो. अपघात झाल्यापासून मी पहिल्यांदाच एकटा होतो. खोलीत कुणीच नव्हतं. "आमी हाय ना" म्हणायला कुणी नव्हतं. मला भीती वाटली, आणि भीतीच्या खाली कुठे तरी बरंही वाटलं. त्या दिवशी मी वर आलो नाही. पुढच्या आठवड्यात आलो.

तिथे मी सगळं शिकलो. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर. ठरल्या वेळी नळी घालून लघवी आपली आपण कशी काढायची. हे लिहिताना आता लाज वाटत नाही. तेव्हा शिकताना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. वेळ चुकवायची नाही, नाही तर आतलं सगळं बिघडतं, हे त्यांनी डोक्यात पक्कं बसवलं. खुर्ची चढावर कशी न्यायची तेही त्यांनीच दाखवलं. चढ एक फूट असेल तर उतार बारा फूट लांब पाहिजे, म्हणजे एकट्याच्या हाताने जाता येतं. त्याहून कमी असला की कुणी तरी ढकलायला लागतं, आणि ढकलणारा आला की संपलं, असं त्यांचं म्हणणं.

आण्णा एका रविवारी तिथे आले होते. धोतर, टोपी, हातात पिशवी. माझ्याशी बोलायचं सोडून ते खोलीभर फिरायला लागले. खाटेला हात लाव, भिंतीवरच्या बटणांना हात लाव, संडासात जाऊन तिथली दांडी धरून बघ. खिशातून सुतळी काढून बोटांनी तिच्याशी काही तरी चाळा चालला होता. इतर पेशंट बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, "आण्णा, बसा की एका जागी." ते बसले, सुतळी खिशात घातली आणि म्हणाले, "घर बांधायला काढलंय. तू येशील तवर व्हईल."

मला आनंद झाला. एवढं शिकून घरी गेल्यावर आता कुणाला हाक मारायची नाही, असं मी मनाशी धरलं होतं.

उन्हाळ्यात जीप आमच्या अंगणात थांबली आणि मी घर बघितलं. जुनं घर नव्हतंच. त्या जागी स्लॅबचं, पिवळ्या रंगाचं, पुढे लांबलचक ओटा असलेलं घर उभं होतं. दाराला आंब्याचं तोरण. ओट्यावर भावकी जमलेली. आणि ते सगळं माझ्या डोक्याच्या वर होतं.

आमच्या भागात कुणी घर बांधायला काढलं की पहिला प्रश्न खोल्या किती हा नसतो. "जोतं किती घेतलं?" हा असतो. जोतं म्हणजे घराचा पाया जमिनीच्या वर जितका उचलून घेतात तेवढी उंची. पावसाचं पाणी शिरू नये हे झालं निमित्त. रस्ता दर वेळी खडी पडून वर येतो, शेजाऱ्याचं घर वर येतं, मग आपण त्याच्याहून वर. आण्णांनी गावातलं सगळ्यात उंच जोतं घेतलं होतं. खाली उभ्या माणसाच्या छातीला लागेल एवढं. पुढे काळ्या दगडाच्या उभ्या पायऱ्या, घडीव, एकसारख्या. मी खुर्चीत उतरलो, तेव्हा वरून दुसरी पायरी माझ्या डोळ्यांसमोर होती.

आण्णा हात पाठीमागे बांधून उभे होते. चेहरा असा खुललेला मी क्वचितच बघितला होता. "जोतं बघ," म्हणाले. "येनारा जानारा थांबून बघतो. आख्ख्या गावात एवढं कुनाचं न्हाई."

 मला वाटलं, ही चेष्टा आहे. मागच्या बाजूला काही तरी असेल, उतार असेल, आत्ता हसतील आणि दाखवतील.

"आण्णा, मी वर कसं जायचं?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही. ते माझ्याकडे इतक्या निष्पापपणे बघत होते. "म्हंजी? आमी हाय ना. चार मानसं काय मेली का घरातली?"

चार माणसं पुढे आलीसुद्धा. धाकटा भाऊ, दोन चुलतभाऊ, एक शेजारी. सगळ्यांनी बाह्या सारलेल्या. त्यांच्या हातांकडे बघून मला गादीवरून वर यायला लागलेला तो आठवडा आठवला. सगळं पाण्यात. इथून पुढे संडासला जायचं तर चौघांना गोळा करा, बाहेर यायचं तर चौघांना गोळा करा. ते शेतावर गेले की मी वर, गावातल्या सगळ्यात उंच जोत्यावर, देवासारखा. देवाला तरी पुजारी असतो.

"हात लावू नका," मी ओरडलो. खुर्ची वळवली आणि वाट फुटेल तिकडे निघालो. अंगणात सपाट जायला एकच जागा होती. समोरचा गोठा.

ट्रॅक्टर घेतल्यावर आमची बैलं विकली होती, त्यामुळे गोठ्याची अर्धी बाजू रिकामी होती. दुसऱ्या अर्ध्यात दोन गाई. दार एवढं रुंद की बैलांची जोडी जुवासकट आत जायची. उंबरा नाही. फरशी दगडी आणि मोरीकडे हलका उतार, गोमूत्र वाहून जावं म्हणून. मी सरळ आत गेलो, कुणाचाही हात न लागता. आत थांबलो आणि चक्रावलो. माझ्या वाडवडिलांनी बैलांची जेवढी सोय बघितली होती, तेवढी माझी कुणी बघितली नव्हती.

आई मागून धावत आली. "आरं, तिथं गुरं बांधत्यात!"

"मग मला पन बांधा," मी म्हणालो. "मी हितंच ऱ्हानार."

ओट्यावरची भावकी एकमेकांकडे बघायला लागली. बाप नवं घर बांधतो आणि लंगडं पोर गोठ्यात राहतं, हे गावात कुठल्या तोंडाने सांगायचं? आण्णांचा चेहरा मी लांबून बघितला. कुणी भर बाजारात तोंडात मारावी तसा झाला होता. ते एवढंच म्हणाले, "त्याला गोठाच गोड लागत आसंल तर ऱ्हाऊ द्या." आणि आत निघून गेले. त्यानंतर त्यांनी गोठ्यात पाऊल ठेवलं नाही.

मी मात्र गोठ्यात राहायला लागलो. खाट आणली. मोरीपाशी ताडपत्री लावून आडोसा केला, भोक पाडलेली लाकडी खुर्ची ठेवली. गाईंची आणि माझी सोय एकाच उताराने व्हायची. पत्रे उन्हाने तापायचे, माश्या होत्या, वास होताच. आणि तरीही सकाळी उठून कुणाला हाक न मारता मी दारात येऊन बसायचो, तेव्हा मला माझंच नवल वाटायचं. कधी मधी रडूही यायचं. ते मी गाईंपुढे उरकून घ्यायचो.

आई दोन-तीनदा म्हणाली, "एकदा वर येऊन आत तर बघ. तुझ्यासाठी काय काय केलंय त्यांनी."

"काय केलंय? संगमरवर बसवलाय?" मी तोडून टाकायचो. "मला उचलून घ्यायचं न्हाई."

ती गप्प व्हायची. आण्णांनी सगळ्यांना ताकीद दिली होती, कुणी काही सांगायचं नाही, यायचं तर येईल. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पडण्याच्या आधी मी आळेफाट्याला एका वर्कशॉपमध्ये पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायला शिकलो होतो. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार काढायची, नवी भरायची. पुढे शेतीच्या नादात ते सुटलं. त्या वर्षी विजेचं असं काही चाललं होतं की रोज कुणाची तरी मोटार जळायची. एका चुलत्याने त्याची मोटार आणून गोठ्याच्या दारात टाकली आणि म्हणाला, "बघ जमतंय का, न्हाई तर फाट्याला नेतो." जमलं. गव्हाणीच्या कठड्यावर फळी टाकली, तेच माझं टेबल. हळूहळू ट्रॅक्टर थेट दारापर्यंत यायला लागले. पूर्वी केळी घेऊन येणारी माणसं मोटारी घेऊन यायला लागली, आणि आईला न विचारता मलाच विचारायला लागली, "कधी देनार?" हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी इतका गोंधळलो की काढलेलीच तार परत मोटारीत भरायला लागलो.

दिवाळीनंतर धाकट्या बहिणीला बघायला डिंगोऱ्याहून पाहुणे यायचे ठरले. आदल्या संध्याकाळी आई गोठ्यात आली आणि खाटेच्या कडेवर बसली. तिला काय म्हणायचंय ते मी ओळखलं.

"एका दिसाचा प्रश्न हाय," ती म्हणाली. "पावन्यांनी इचारलं तर काय सांगायचं? थोरला गोठ्यात ऱ्हातो?"

बहिणीचं स्थळ माझ्यामुळे मोडावं असं मला नको होतं. मी हो म्हणालो. सकाळी चौघांनी मला खुर्चीसकट उचलून ओट्यावर ठेवलं. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, कडक इस्त्री. गोठ्याचं दार ओढून घेतलं. आण्णा माझ्याकडे न बघता माझ्या पायजम्यावरचं काही तरी झटकून गेले.

पाहुणे आले. पोहे झाले, बहिणीने चहा आणला, प्रश्न झाले. मुलाचे वडील जोत्याकडे बघून म्हणाले, "पावनं, जोतं लई भारी घेतलंय राव." आण्णा फुलले. मग आमच्याकडच्या रीतीप्रमाणे पुरुष मंडळी मळा बघायला निघाली. मुलगी बघून झाली की विहीर बघायची, ऊस बघायचा. सगळे पुरुष गेले, भाऊ आणि चुलतभाऊही गेले. बायका स्वयंपाकघरात पाहुण्या बायांभोवती. ओट्यावर मी एकटा उरलो.

माझी नळीची वेळ होत आली होती. नळी आणि सगळं सामान गोठ्यात. आधी मी म्हटलं, येतील आता. मग घाम फुटायला लागला, डोकं ठणकायला लागलं. आईला हाक मारता आली असती. पण तिने नळी आणून दिली तरी ओट्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आडोसा कुठला? आणि चार परक्या बायकांसमोर ओरडून काय सांगणार, मला मुतायचंय? मी पायऱ्यांकडे बघितलं. अंगणाच्या पलीकडे गोठ्याचं दार दिसत होतं, अगदी हाकेच्या अंतरावर. आपल्याच घरात, सणासारख्या दिवशी, इस्त्रीच्या कपड्यात मी अडकलो होतो. मला खरं वाटेना.

मग मी खुर्चीला ब्रेक लावले आणि खाली ओट्यावर उतरलो. बसल्या बसल्या कडेला सरकलो. हाताने आधी पाय खालच्या पायरीवर ठेवायचे, मग स्वतःला उतरवायचं. दगड खरखरीत होता. मधल्या एका पायरीवर तोल गेला आणि मी उरलेलं अंतर पाठीवर घसरत आलो. कोपर सोलटलं. तसाच अंगणातून, हातांवर जोर देत, पाय मागे ओढत गोठ्याकडे सरकायला लागलो. पांढऱ्या कपड्यांची पार रया गेली. निम्म्यात पोचलो आणि मान वर केली. घराच्या कोपऱ्यापाशी सगळे पुरुष उभे होते. विहीर बघून परत आलेले. 

आण्णा धावले. आयुष्यात मी त्यांना धावताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"हात लावू नका!" मी असा ओरडलो की गाई हंबरल्या. ते जागच्या जागी थिजले. हात पुढे केलेले तसेच. मी त्यांच्या बाजूने सरकत गेलो, गोठ्याचं दार ढकललं आणि आत गेलो.

आतून मला सगळं ऐकू येत होतं.  मग मुलाच्या वडिलांचा आवाज आला, "पोरगं गोठ्यात कशापायी गेलं?"

 उत्तर माझ्या बहिणीने दिलं. नवरा मुलगा समोर उभा असताना, मान खाली घालून बसायच्या दिवशी, ती ओट्यावरून मोठ्याने म्हणाली, "दादा तिथंच ऱ्हातो. त्याला तिथनं एकट्याला भायेर पडता येतं."

पाहुण्यांनी पायऱ्यांकडे बघितलं असावं. कारण ते हळूच म्हणाले, "व्हय. जोतं लई उंच झालंय."

सकाळी त्याच जोत्याची त्यांनी तारीफ केली होती.  स्थळ मोडलं नाही, उलट त्याच आठवड्यात त्यांचा होकार आला, पण त्या दिवशी आमच्या घरात सगळे एकमेकांची नजर चुकवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक मोटार उघडून बसलो होतो. दारात सावली पडली. आण्णा. ते आत आले, गव्हाणीपाशी उभे राहिले, माझी फळी, तारा, आडोशाची ताडपत्री सगळं बघून घेतलं. त्यांनी माझा संसार बघितला नव्हताच. 

"किती लांब लागंल?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"उतार. तुला एकट्याला वर यायला."

माझ्या हातातला स्क्रू गव्हाणीत पडला. मी सांगितलं, "एका फुटाला बारा फूट."

त्यांनी मनात हिशेब केला आणि सवयीने एक कचकचीत शिवी हासडली. स्वतःच्याच जोत्याला. मग खिशातून सुतळी काढली, तिच्यातल्या जुन्या गाठी दातांनी सोडवल्या, भावाला एक टोक जोत्यापाशी धरायला लावलं आणि दुसरं टोक घेऊन मापत मापत अंगणातून मागे मागे यायला लागले. मी दारात बसून बघत होतो. जोतं इतकं उंच होतं की उतार संपेचना. आण्णा मागे येत येत माझ्या खुर्चीला येऊन टेकले, तेव्हा कुठे माप पुरं झालं. उतार गोठ्याच्या दारातून सुरू होणार होता. त्यांनी ते दोनदा मापून बघितलं.

मुरमाच्या ट्रॉल्या आल्या. दोन्ही अंगांनी दगड रचले, मुरूम ठोकून घट्ट बसवला, वर सिमेंटचा कोबा केला. घडीव दगडाच्या पायऱ्या, ज्या बघायला लोक थांबायचे, त्या मुरमाखाली गेल्या. अंगणाचे दोन तुकडे झाले. ट्रॅक्टर वळवायला जागा उरली नाही. येणारे जाणारे आताही थांबायचे आणि विचारायचे, "आण्णा, ह्ये काय धरन बांधताय?"

कोबा वाळल्यावर मी गोठ्याच्या दारातून निघालो. हाताने चाकं ढकलत, सावकाश. आण्णा मागे चालत होते. मला त्यांची सावली पुढे दिसत होती. दोन्ही हात पुढे पसरलेले, खुर्चीच्या मुठींपासून वीतभर लांब, पण लागत नव्हते. मी वर पोचलो, ओटा ओलांडला आणि घर बांधल्यापासून पहिल्यांदा दारातून आत गेलो.

माझी खोली उजव्या हाताला होती. मी दिव्यासाठी वर हात केला, सवयीने. बटण तिथे नव्हतं. ते खाली होतं, माझ्या कोपराच्या उंचीवर. मी थांबलो. खाट बघितली. माझ्या खुर्चीच्या बैठकीला अगदी बरोबर. खिडकीची कडी खाली. फळ्या खाली. पलीकडे आणखी एक दार, दुप्पट रुंद. ते ढकललं तर आत संडास. कमोड, भिंतीला लोखंडी दांडी, नळ हाताशी. घरात देव आहेत, चूल आहे, त्याच घरात संडास कसला, असं म्हणून ज्या माणसाने जन्मभर नदीची वाट सोडली नाही, त्याने माझ्या खोलीत संडास बांधला होता. मला त्या रविवारची सुतळी आठवली. तो चाळा नव्हता, ते गाठी मारून मापं घेत होते.

"आण्णा," मी कसंबसं म्हणालो, "एवढं सगळं सुचलं, मग पायऱ्या कशा न्हाई सुचल्या?"

ते दाराशी उभे होते. त्या पहिल्या दिवशी होता तसाच निष्पाप चेहरा.

"आरं, पायऱ्यांला आमी व्हतो की."

मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं. मी खुर्ची आत घेतली, संडासाचं दार ओढलं आणि कडीसाठी चाचपडलो. कडीसुद्धा खालीच होती, माझ्या हाताला येईल अशी, आतल्या बाजूने. मी ती लावली. अपघात झाल्यापासून मी कुठलंच दार आतून लावलं नव्हतं.

बाहेरून आण्णांनी विचारलं, "लागली का कडी?"